कर्तेपण कोणाचे, फळ कोणाचे?

धुळे-सोलापूर महामार्ग शहागडला गोदावरी ओलांडतो. जायकवाडीच्या पाण्याने या पट्ट्यात ऊस आला. हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात. उसाची टोके मागे अशी लोंबत असतात की लाल दिवा असला तरी झाकला जातो. कडेने मेंढरे, दुचाकीवर तिघे. अशा रस्त्यावर स्वतः चालणारी मोटार आली आणि तिच्याकडून माणूस मेला, तर ते पाप कोणाच्या माथी? हा प्रश्न मला मोटारीच्या किमतीपासून वेगळा काढताच येत नाही.

टाटांची इलेक्ट्रिक मोटार टियागो ईव्ही २०२२ मध्ये साडेआठ लाखांच्या आत बाजारात आली. समोर माणूस दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, म्हणजे स्वतः चालण्याकडची पहिली पायरी, तिच्यात नव्हती. चाकणला बनणारी महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ ही २०२४ मध्ये १८.९० लाखांपासून सुरू झाली आणि ही यंत्रणा तिच्या वरच्या श्रेणींत मिळते. म्हणजे जीव वाचायचा तो पायी चालणाऱ्याचा, पण तो वाचणार की नाही हे ठरते आत बसणाऱ्याच्या ऐपतीवर. इलेक्ट्रिक मोटारीवर जीएसटी ५ टक्केच आहे आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर तिला टोलमाफीही दिली. ज्या तिजोरीतून ही सूट जाते, तिच्यात साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या ऊसतोड कामगाराचाही पैसा आहे. मोटार स्वस्त होईल तशी यंत्रणाही स्वस्त होईल, असे म्हणतात. होईलही. पण हा कामगार गिऱ्हाईक कधीच नव्हता. धोका मात्र त्याने पहिल्या दिवसापासून पत्करायचा.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात १८ मार्च २०१८ च्या रात्री एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. उबरच्या चाचणी-मोटारीला ती धडकेच्या पाच-साडेपाच सेकंद आधीच दिसली होती. यंत्र ठरवत राहिले : हे वाहन, की आणखी काही, की सायकल? दर वेळी नाव बदलले, हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि बाई गेली. पुढे कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. देखरेखीला बसलेल्या पगारी बाईने गुन्हा कबूल केला आणि शिक्षा तिला झाली. इकडे शहागडच्या वरच्या अंगाला, गोदावरीकाठीच एकनाथांचे पैठण आहे. रामेश्वराला न्यायची गंगा एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपल्याकडे पोराबाळांना ठाऊक असते. समोरचा जीव कोणत्या वर्गात बसतो, हे नाथांनी आधी ठरवले नाही. यंत्राकडून करुणेची अपेक्षा मी करत नाही. पण समोर काय आहे ते कळत नसेल तर आधी थांब, एवढे त्याला शिकवणे माणसाच्या हातात आहे आणि न शिकवणे हेही माणसाचेच कर्म.

यावर कोणी गीता पुढे करील. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. मग एकट्या कंपनीला का धरायचे? विचार खरा आहे, पण अर्धाच घेतलेला. त्याच अध्यायात कर्तेपणाच्या त्यागाबरोबर फळाचा त्यागही येतो. नफा खिशात ठेवून दोष मात्र पाच जणांत वाटून टाकणे, याला गीतेचा आधार नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप आकड्यांचा आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. यंत्र पीत नाही, त्याला झोप लागत नाही. मग त्याला अडवणे हेच पाप नव्हे का? यंत्राने मृत्यू घटत असतील तर ते जरूर यावे. पण त्या मृतांत सुमारे ४५ टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे. घट मोजायची ती त्यांच्यात, आणि परवानगीआधी चाचणी घ्यायची ती उसाच्या हंगामात, रात्री, शहागडसारख्या पुलावर. मोटार वाहन कायद्याचे १६४ वे कलम चूक सिद्ध करायला न लावता मृताच्या वारसांना ५ लाख रुपये देवविते. पण ते मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून. ब्रेक कधी लावायचा हे जिने ठरवले, त्या कंपनीचा त्या कलमात उल्लेख नाही. पहिली चालकविरहित मोटार महामार्गावर येण्याआधी तो तिथे आला पाहिजे.