तारू गेले, जीव राहिले
(मननासाठी : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ व २८)



२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यामागोमाग समुद्र जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात शिरला. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ दहा हजार माणसे मृत्यू पावली. वादळाची सूचना मिळाली नव्हती असे नाही. परंतु ती ऐकून गोरगरिबांनी जावे कोठे? पक्की निवारागृहे फारच थोडी होती.

पुढे ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’ वादळ आले. या वेळी सुमारे १२ लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते. मधल्या वर्षांत शेकडो निवारागृहे उभी राहिली होती व गावोगावी स्वयंसेवक तयार झाले होते. घरे मोडली, झाडे उन्मळली. तरी मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

प्रियजनहो, पौलाच्या समुद्रप्रवासातही हेच घडले. पौलाने आधीच धोक्याची सूचना दिली होती. पण शताधिपतीने तारवाच्या मालकाचे ऐकले. मग युरकुलोन वारा सुटला. त्या अंधारात देवाने पौलाला अभिवचन दिले की, तारवाचा नाश होईल, परंतु माणूस एकही नाश पावणार नाही. देवाने तारू राखण्याचे वचन दिले नाही, हे ध्यानात घ्या. आपली प्रार्थना बहुधा तारवासाठीच असते.

‘माझा देवावर विश्वास आहे, मी घर सोडणार नाही,’ असे कोणी म्हणेल. परंतु नोहाचा विश्वास कशात दिसून आला? सूचना मिळताच तो तारू बांधू लागला. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास प्रभू येशूनेही नकार दिला. कारण देवाची परीक्षा पाहणे म्हणजे विश्वास नव्हे. दारी आलेला स्वयंसेवक हाही देवाचा निरोप्या असू शकतो. मात्र ज्याची सारी मिळकत एक गाय व एक होडी आहे, त्याचे पाऊल उंबरठ्यावर अडखळले तर त्याला अविश्वासी म्हणू नका. त्याच्या गायीची दोरी हाती घ्या.

आणि जे १९९९ साली गेले, त्यांच्यावर देवाची प्रीती कमी होती काय? मुळीच नाही. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. मिलिता बेटावर पौलाच्या हाताला साप डसला, तेव्हा लोकांनी त्याला खुनी ठरविले, ते चुकले. वाचलेल्याने मेलेल्याचा न्याय करू नये.

वादळ एका रात्रीत सरते; त्यानंतरचे दिवस सरत नाहीत. १९९९ नंतर खाऱ्या पाण्याने शेते नापीक केली. ‘फनी’नंतर पुरीची कित्येक घरे आठवडेच्या आठवडे विजेवाचून राहिली. वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळते, मदतीच्या गाड्या थांबतात, आणि छप्पर नसलेल्या घरात आई लेकराला निजवीत असते. मंडळीची खरी सेवा तेव्हा सुरू होते.

भिजलेले, कुडकुडणारे २७६ जीव किनाऱ्यास लागले, तेव्हा बेटावरच्या परक्या लोकांनी शेकोटी पेटविली. प्रेषित पौल काय करीत होता? तो काटक्या गोळा करीत होता. स्वतः कैदी, स्वतः ओलाचिंब. तरी त्याचे हात दुसऱ्यांच्या उबेसाठी झटत होते. आणि ते सर्व जण तेथे तीन महिने राहिले.

वाचकहो, गतवर्षीच्या एखाद्या आपत्तीतील कुटुंब आज आपल्या स्मरणात आहे काय? या आठवड्यात त्यांची विचारपूस करा. एक पत्र, एक पत्रा, मुलाच्या शाळेची फी. आपली काटकी लहान असेल, पण शेकोटी अशाच काटक्यांनी पेटत राहते.

हे प्रभो, आमचे तारू गेले तरी तू आमचा आहेस. आमचे हात रिकामे राहू देऊ नकोस. आमेन.