शुभ काय, अशुभ काय? : ओटी, वैधव्य आणि धर्म



दर्शनाच्या वेळा, नित्य पूजाविधी, भक्तनिवास आणि महाप्रसाद यांविषयीची माहिती या पुस्तिकेत अन्यत्र दिलेली आहे. येथे मात्र श्रीदेवीच्या दारी दररोज उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नावर आपल्यासोबत थोडे चिंतन करावयाचे आहे.

नवरात्रात ओटीच्या रांगेत हमखास दिसणारे एक दृश्य आहे. सासूबाई व सूनबाई बरोबर येतात. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या असे सर्व साहित्य सासूबाईंनी पहाटे उठून स्वतःच्या हाताने ताटात मांडलेले असते. लुगडेही त्यांनीच निवडून घेतलेले असते. परंतु गाभारा जवळ येताच त्या ताट सुनेच्या हाती देतात आणि दोन पावले मागे सरून खांबाला टेकून उभ्या राहतात. त्यांना कोणी अडविलेले नसते. पुजारी काही बोललेले नसतात. केवळ पतीचे निधन झाले आहे म्हणून त्यांचे पाऊल आपोआप मागे वळते. ज्या माऊलीपुढे आयुष्यभराचे सुखदुःख सांगितले, तिच्याच समोर आपला हात अशुभ आहे असे त्या मानतात.

हा हात अशुभ कोणी ठरविला? आणि ते ठरविणे धर्माला धरून आहे काय?

आपल्या धर्मशास्त्रांनी अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच आणि इंद्रियनिग्रह हे सर्व वर्णांचे समान धर्म सांगितले आहेत. हे पाचही गुण माणसाच्या आचरणाशी निगडित आहेत. जे आपण करतो त्याचे पुण्य अथवा पाप आपल्याला लागते. पतीचा मृत्यू ही पत्नीने केलेली कृती नव्हे. ते तिच्यावर कोसळलेले दुःख आहे. दुःखाला दोष मानणे आणि जिच्यावर आघात झाला तिलाच शिक्षा देणे हे न्यायबुद्धीला पटणारे नाही. न्याय नसेल तेथे धर्म कसा असेल?

पुरुषाच्या बाबतीत आपण काय करतो, हेही पाहावे. पत्नीवाचून यजमान अपूर्ण, असे शास्त्र मानते. तरीही विधुर गृहस्थ घरातील मंगलकार्यात यजमान म्हणून बसतात. त्यांच्या कनवटीला सुपारी लावली जाते आणि विधी पार पडतो. त्यांच्या अडचणीवर परंपरेने सहृदयतेने मार्ग काढला. स्त्रीसाठी मात्र एका सुपारीएवढाही मार्ग आपल्याला सुचला नाही. यात उणीव शास्त्राची की आपल्या अंतःकरणाची, याचा विचार प्रत्येकाने करावा.

काही भाविक म्हणतात की, ही परंपरा आहे आणि परंपरेला हात लावू नये. परंपरेविषयीचा आदर योग्यच आहे. परंतु परंपरा एकपदरी नसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अठराव्या सूक्तात मृत पतीशेजारी बसलेल्या स्त्रीला उठून जिवंतांच्या जगाकडे परत येण्याचे आवाहन आहे. पराशरस्मृतीतील ज्या वचनात पती नाहीसा झाला, मरण पावला अथवा संन्यासी झाला असता स्त्रीला दुसऱ्या पतीची अनुमती आढळते, त्याचाच आधार घेऊन पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी पुनर्विवाहाचा पक्ष मांडला आणि १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. म्हणजे जिला आज आपण नवी रीत म्हणतो, तिची मुळे आपल्याच भूमीत आहेत.

आणि तीर्थयात्रा करणाऱ्या आपणांस तर याहूनही मोठा पुरावा डोळ्यांनी पाहावयास मिळतो. चौंडी या गावी १७२५ मध्ये जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात धारातीर्थी पडले. अहिल्यादेवी सती जाण्यास निघाल्या असता सासरे मल्हारराव यांनी त्यांना परावृत्त केले. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्यकारभार केला. काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास उभारले. गयेचे विष्णुपद मंदिर, वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर, सोमनाथ येथील मंदिर, महेश्वरचे घाट, ठिकठिकाणच्या धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे ही त्यांचीच पुण्याई होय. काशीला जाऊन विश्वेश्वराला बेल वाहताना आपल्या मनात हे मंदिर अशुभ हातांनी बांधले असा विचार येतो काय? मग ज्या हाताने ज्योतिर्लिंगावर कळस चढविला तो पवित्र आणि आपल्या घरातील मातेचा हात मात्र अपवित्र, हे कसे?

महाराष्ट्राने या प्रश्नासाठी पुष्कळ सोसले आहे. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला दत्तक घेतले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तरी १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा केला. केशवपनाची क्रूर रूढी या सर्वांच्या श्रमांमुळे इतिहासजमा झाली. केस राहिले, परंतु कुंकू पुसण्याची व बांगड्या फोडण्याची रीत मात्र अनेक घरांत उरली.

कोरोनाच्या साथीत, २०२० व २०२१ या वर्षांत, ऐन तारुण्यात अनेक स्त्रियांना वैधव्य आले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे व जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असे सुचविले. मोठमोठ्या ग्रंथांना जे साधले नाही, ते एका खेड्याने एकत्र बसून ठरविले.

अर्थात ठराव दारापर्यंत येतो, देवघरात तो आपणच न्यावा लागतो. येथे एक सावधगिरीही बाळगावी. काही माता-भगिनी स्वतःच्या श्रद्धेने, दिवंगत पतीच्या स्मरणार्थ, कुंकू लावीत नाहीत. त्यांच्यावर बळजबरी करणे हाही एक जाचच होईल. स्त्रीच्या कपाळावर काय असावे हे तिने ठरवावे. सासरने, शेजाऱ्यांनी अथवा सुधारकांनीही नव्हे. आपले कर्तव्य एवढेच की, तिने पाऊल पुढे टाकले तर ते मागे घ्यावे लागू नये. सुवासिनीचा सन्मान करताना दुसऱ्या स्त्रीचा अवमान झालाच पाहिजे, असे कोठेही सांगितलेले नाही. एका दिव्याने दुसरा दिवा लावल्यास पहिल्याचे तेज कमी होत नाही.

म्हणून सर्व भाविकांना नम्र विनंती आहे की, आपल्या घरच्या हळदीकुंकवाला आत्या, मावशी, वहिनी यांपैकी जी कोणी आजवर स्वयंपाकघरातच राहत आली, तिला प्रथम बोलवावे. मुलाच्या लग्नात अक्षता टाकण्यासाठी आईला पुढे बसवावे. आणि सूनबाईंनो, ओटीच्या रांगेत सासूबाई ताट तुमच्या हाती देऊ लागतील तेव्हा ते हळूच त्यांच्याकडे परत द्यावे व म्हणावे, “आई, तुम्हीच भरा, मी तुमच्याबरोबर उभी राहते.” त्या नको म्हणाल्या तर आग्रह धरू नये, पुढल्या वर्षी पुन्हा विचारावे.

मंदिरास देणगी देणाऱ्या दात्यांचे आम्ही ऋणी आहोतच. परंतु खांबाला टेकून उभ्या असलेल्या एका मातेला गाभाऱ्यापर्यंत आणणे हे दानही श्रीदेवीच्या चरणी तितकेच रुजू होईल, अशी आमची श्रद्धा आहे. जगन्माता ही सर्वांचीच माता आहे, आणि लेकीच्या दुःखाने तिचा विटाळ मानणारी आई कोठेही नसते.

सर्वांचे कल्याण होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥