कच्चं बोलायचा हक्क

'गुणवत्ता' हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या पोराला जागा मिळाली की हा शब्द बाहेर निघतो आणि नाही मिळाली तरी तोच निघतो. कापूस विकायला नेला की आपला बाप आधी काटा बघतो, मग माप बघतो. माणूस मोजायचा काटा मात्र कोणी तपासत नाही. आज लाखो पोरं ज्या काट्यावर चढतात, त्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीचा काटा मला तपासायचा आहे.

आधी या काट्याच्या बाजूनं जे खरं आहे ते सांगतो. कॉम्प्युटरला जात कळत नाही. प्रोग्राममध्ये एक कंस सुटला तर पाटलाच्या पोराला एरर येते, आपल्यालाही येते. बरोबर लिहिलं तर दोघांचंही चालतं. म्हणून तर आपली पोरं या धंद्याकडे ओढीनं गेली. मोताळा तालुक्यातल्या आमच्या धामणगाव बढ्यात बसून, मोबाइलवर फुकटचे धडे बघून प्रोग्रामिंग शिकता येतं. त्यात कोणाची मेहेरबानी नाही. खाजगी कंपनीत राखीव जागाही नाहीत, म्हणजे 'कोट्यातून आला' म्हणायची सोय नाही. कागदावर हिशेब चोख आहे.

पण मशीन आणि उमेदवार यांच्या मध्ये माणसं बसलेली असतात. ती एक कोडं घालतात. समजा, गावांचं आणि रस्त्यांचं जाळं दिलं, दोन गावांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधणारा प्रोग्राम लिहा. पाऊण तासात, त्यांच्या डोळ्यांसमोर. आणि अट अशी की मोठ्यानं विचार करा. डोक्यात जे चाललंय ते बोलत राहा. त्यांचं म्हणणं, नुसतं उत्तर बघून माणूस कळत नाही, तो विचार कसा करतो ते ऐकायचं असतं.

अशी एक मुलाखत मी दिली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण गोष्ट एका कंपनीची नाही. कोडं मी सोडवलं, प्रोग्राम चालला. पण सोडवताना मी गप्प होतो. स्क्रीनवरून आवाज आला, 'बोलत राहा.' मी दोन वाक्यं बोललो आणि परत गप्प झालो. उत्तर पक्कं झाल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितलं. मग विचारलं, 'वडील काय करतात?' म्हटलं, सालदार होते. त्यावर कोणी काही बोललं नाही. चार दिवसांनी दोन ओळी आल्या. तांत्रिक बाजू चांगली, संवाद कमी पडला.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "इचार का बोलून करतेत? इचार झाला का मंग बोला लागते."

तिचा हा नियम कुठून आला, ते बघा. चावडीवर मोठ्या घरचं पोरगं उलटसुलट बोलतं, एकदा हे म्हणतं, एकदा ते. लोक माना हलवतात, म्हणतात पोरगं डोकं चालवते. आपल्यातला माणूस असा अर्धा-कच्चा बोलला तर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. 'याईले काय समजते?' त्याची चूक त्याच्या एकट्याची राहत नव्हती, सगळ्या वस्तीची व्हायची. वर्गात आपलं पोरगं चुकलं की जातीसकट चुकायचं. मग घराघरातून शिकवण गेली की मोठ्यांसमोर तोंड उघडायचं तर शंभर टक्के पक्कं करून उघडायचं. ही मुखदुर्बळता नव्हे. जगायची रीत होती ती. पिढ्यान् पिढ्या कमावलेली.

कच्चा विचार मोठ्यानं बोलायचा हक्क त्यालाच असतो, ज्याची चूक माफ असते. मुलाखतीच्या काट्यात हा हक्कच गुणवत्ता म्हणून मोजला जातो. ज्याच्या घरी जेवताना बापाशी वाद घालायची मुभा होती, तो इथं हुशार ठरतो.

हे माझ्या मनाचे खेळ नव्हेत. २०२० साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट इथल्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. काहींना मुलाखत घेणाऱ्यासमोर, मोठ्यानं विचार करत कोडं सोडवायला लावलं. बाकीच्यांना एका खोलीत एकटं सोडलं. समोर माणूस बसलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. बघणाऱ्यासमोर सोडवणाऱ्या बायांपैकी एकही पास झाली नाही, एकट्यानं सोडवणाऱ्या सगळ्या पास झाल्या. ४८ हा आकडा लहान आहे, मान्य. तरी ज्यांना बोलताना कायम तोलावं लागलं त्या तिथंही पडल्या, हे विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, सॉफ्टवेअर हे काय एकट्याचं काम आहे? दहा जणांत बसून करायचं, बोलता तर आलंच पाहिजे. खरं आहे. आपलं काम दुसऱ्याला समजावता आलं पाहिजे, दुसऱ्याची चूक दाखवता आली पाहिजे. पण ते काम झाल्यावरचं बोलणं. ते मोजा ना! अनोळखी साहेबांसमोर, नोकरी पणाला लागलेली असताना अडखळत बोलणं, ही परिस्थिती कामात कधी येते?

आणि बापाचा धंदा कोणत्या कोड्यात बसतो? सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली भागातल्या कंपन्यांमध्ये माणसं निवडणाऱ्या २५ अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली लेख लिहिला. तेच अधिकारी एका तोंडानं सांगत होते की आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, आणि दुसऱ्या तोंडानं, घरची पार्श्वभूमी महत्त्वाची. त्याच साली आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी आपला अभ्यास छापला. शिक्षण सारखंच, फक्त आडनाव वेगळं, असे अर्ज त्यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना धाडले होते. दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्णाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. त्या पोरांनी तोंडही उघडलं नव्हतं. संवाद कुठं कमी पडला?

निवड झाली तरी मुलाखत संपत नाही. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनहून शिकून बडोद्याला संस्थानच्या नोकरीवर गेले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल कोणाला शंका नव्हती. तरी राहायला जागा मिळाली नाही आणि अकराव्या दिवशी पारशांच्या धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. त्यानंतर १०३ वर्षांनी, २०२० साली, कॅलिफोर्निया राज्यानं सिस्को कंपनीवर खटला भरला. तक्रार अशी की एका दलित इंजिनिअरच्या वरिष्ठानं तो आरक्षणातून शिकल्याचं सहकाऱ्यांना सांगितलं आणि पुढं त्याला बाजूला सारलं. कंपनीनं आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरचे आरोप राज्यानं मागे घेतले, कंपनीवरचा खटला चालू राहिला. निकाल काय लागायचा तो लागो. नोकरी दिलेल्या माणसाची जात तपासायची खोड सातासमुद्रापार जाते, एवढा प्रश्न तर कोर्टासमोर आला.

मग आपण काय मागायचं? कोडं सोपं करा असं आपण म्हणत नाही. अवघडच ठेवा. फक्त सोडवताना माणसाला एकटं सोडा, आणि सोडवून झाल्यावर हवं तितकं विचारा. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. अर्ज वाचताना आडनाव झाका. आणि बापाला मुलाखतीतून सुट्टी द्या, नोकरी त्याला नको आहे.

दुसरं मागणं आपलं आपल्याशी. कोणी काटा दुरुस्त करीपर्यंत आपली पोरं थांबणार नाहीत, थांबूही नयेत. 'बोलायला शिक' असं त्यांना सांगून भागणार नाही. चुकायची मुभा नसेल तर बोलणं येणार कुठून? आपली पोरंही एकमेकांना हसतात, एखाद्याचं इंग्रजी अडखळलं की खी-खी करतात. चावडीची ती सवय आपल्यातही आली आहे. विहारात, वाचनालयात संध्याकाळी फळा लावा. रोज एकानं उभं राहून, येत नसलेलं गणित येत नसतानाच मोठ्यानं सोडवायचं. चुकला तर बाकीच्यांनी फक्त पुढचा प्रश्न विचारायचा. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यांनाही बोलवा. आपली पोरं पक्कं होण्याआधी बोलतात आणि त्यांना कोणी मारत नाही, हे त्यांनाही बघू द्या.