पानांआधी फूल



राखेच्या बुधवारी कपाळी राख घेऊन आपण उपवासकाळात पाऊल टाकले. याच दिवसांत वाडीत आंब्याला मोहोर दिसतो. कुंपणावरच्या पांगाऱ्याला एकही पान नसते, पण त्याच्या लाल फुलांवर कावळे आणि साळुंक्यांची गर्दी असते.

काही वर्षांपूर्वी आवारातला पांगारा वाळला असे समजून आम्ही तो तोडायला सांगितला होता. कुऱ्हाड घेऊन आलेल्या वृद्ध शेतकऱ्याने आधी नखाने साल खरवडली. आत हिरवे होते. "फादर, हा जिता हाय. जरा थांबा," एवढेच ते म्हणाले. पंधरा दिवसांत झाड लाल झाले. तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या आम्हांला साल खरवडून पाहण्याचे सुचले नव्हते!

यिर्मया संदेष्ट्याला पाचारण झाले तेव्हा देवाने त्याला बदामाची फांदी दाखवली. हा बदाम आपल्या अंगणातला नव्हे. पवित्र भूमीत तो थंडी सरण्याआधीच, पाने नसताना, पांढऱ्या-गुलाबी फुलांनी बहरतो. हिब्रू भाषेत त्याला 'शाकेद' म्हणतात, आणि 'शोकेद' म्हणजे जागा राहून लक्ष ठेवणारा. आपले वचन पूर्ण व्हावे म्हणून आपण जागे आहोत, हेच देवाला सांगायचे होते. पुढे इ. स. पूर्व 587 च्या सुमारास जेरुसलेम उद्ध्वस्त झाले; तरी ते वचन वाळले नाही.

आपण मात्र माणसांना लवकर वाळलेले ठरवतो. बांधावरून भावाशी अबोला धरतो. दारूच्या आहारी गेलेल्या मुलाबद्दल "तो सुधारायचा नाही" म्हणतो. कधी स्वतःबद्दलही तसेच म्हणतो आणि वर्षानुवर्षे प्रायश्चित्त संस्काराकडे फिरकत नाही. हीसुद्धा कुऱ्हाडच आहे.

मोहोर म्हणजे आंबा नव्हे, हे शेतकरी जाणतो. मळभ आले की मोहोर करपतो, म्हणून तो रोज झाडाकडे पाहतो. माणसाच्या मनात उमललेल्या चांगुलपणालाही अशीच राखण लागते.

या आठवड्यात आपण एकाच माणसाकडे जाऊ या, ज्याला आपण सोडून दिले आहे. कुऱ्हाड बाजूला ठेवू. साल जराशी खरवडून पाहू. आत हिरवे असेल, कारण जागा राहणारा देव तेथे आपल्या आधी पोहोचलेला असतो.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू