गळ आणि दगड

लातूरच्या एका तरुणाने वर्षभर पैसे साठवून जुनी पण लांब पल्ल्याची लेन्स घेतली. मराठवाड्याला समुद्र नाही. आपला किनारा म्हणजे गोदावरीचा. म्हणून बगळे टिपायला तो नांदेडजवळच्या विष्णुपुरी जलाशयावर आला.

हिवाळ्यातली सकाळ. उथळ पाण्यात मोठे बगळे खुंट रोवल्यासारखे उभे होते. काळ्या चोचीचे लहान बगळे चिखलात लगबग करत होते. शेजारीच एक म्हातारा भोई गळ टाकून बसला होता.

"मामा, तिकडून एक दगड भिरकावता का? सगळे एकदम उडाले की झकास फोटो येईल."

"ज्या पाण्यात गळ टाकायचा, त्यात दगड टाकू नाही, लेकरा."

तरुण हसला. त्याने स्वतःच दगड मारला. थवा फडफडत उठला, कॅमेरा कडकडला. म्हाताऱ्याने मुकाट्याने गळ गुंडाळला आणि लांब जाऊन बसला.

तरुणाने फोटो पाहिले. सगळ्या बगळ्यांची पाठ, आणि उन्हात पिसांचे नुसते पांढरे डाग.

ओशाळून तो म्हाताऱ्याजवळ गेला. काहीतरी बोलायचे म्हणून सांगू लागला, "मामा, पूर्वी विलायतेतल्या बायकांच्या टोप्यांसाठी हे बगळे मारायचे. विणीच्या दिवसांत पाठीवर येणारी नाजूक पिसं सोन्याच्या भावानं जायची. इंग्रज सरकारनं १९०२ मध्ये पिसांची निर्यात बंद केली. किती निर्दयी माणसं!"

"त्यांना पिसं पायजे होती, तुला फोटो पायजे," म्हातारा गळाकडे बघत म्हणाला. "बगळ्याची न्याहारी कोणीच इचारली नाही."

तरुण खाली बसला. त्याने कॅमेरा मांडीवर ठेवला. अर्धा तास गेला, तास गेला. पायांना मुंग्या आल्या, पण तो हलला नाही. हळूहळू बगळे परतले. एक लहान बगळा तर दहा पावलांवर आला. काळ्या पायाचा पिवळाधमक पंजा त्याने चिखलात थरथरवला. दडलेली मासोळी बिथरून बाहेर आली आणि चोच विजेसारखी खाली गेली. तरुणाने पांढरा रंग जळू नये म्हणून कॅमेऱ्यातला उजेड थोडा उतरवला आणि बटण दाबले. पीस न् पीस वेगळे दिसत होते.

बगळा मान वळवून पुन्हा चिखल ढवळू लागला. त्याला कोणी पाहिल्याचे कळलेही नव्हते.

"मिळाला का?" म्हाताऱ्याने विचारले.

"मिळाला, मामा. त्यालाही मिळाली."

तेवढ्यात म्हाताऱ्याचा गळही ओढला गेला.

तात्पर्य : ज्याच्याकडून काही हवे आहे, त्याचे पाणी आधी गढूळ करू नये. दगडाने पाखरू उडते. जवळ येते ते थांबणाऱ्याच्याच.