शेपूचा दशांश

शेपूचे बी वाफ्यात जागच्या जागीच पेरावे. सोटमूळ दुखावले तर उपटून लावलेले रोप नीट धरत नाही. महिना-दीड महिन्यात पाला खुडायला येतो. तसेच राहू दिले तर पिवळ्या फुलांच्या छत्र्या येतात आणि दाणे भरतात, तेच बाळंतिणीचे बाळंतशेप. मत्तयाच्या शुभवर्तमानात (२३:२३) येशू परूशी या कर्मठ ज्यू पंथाच्या लोकांना जे खडे बोल सुनावतो, त्यांत पुदिना आणि जिऱ्याच्या जोडीला हीच वनस्पती आहे. यांचा दहावा हिस्सा तुम्ही न चुकता काढता, पण न्याय, दया आणि निष्ठा सोडून देता, असा तो ठपका. यावरून चार काड्या मोजणे म्हणजे पोकळ कर्मकांड, असा अर्थ सर्रास काढला जातो. मला तो अपुरा वाटतो. त्याच वचनाच्या शेवटी येशू दशांश सोडायला सांगत नाही. मोठे करा आणि हेही टाकू नका, असे तो म्हणतो. शिवाय दशांश कोणासाठी होता? बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायला सांगितला आहे, तो जमिनीत वाटा नसलेला लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर जेवावे म्हणून. म्हणजे दशांशाच्या मुळाशी न्यायच होता. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात रब्बी एलिएझर शेपूच्या दाण्यांचा आणि पाल्याचाही दशांश मागतात. बाकीच्या पंडितांना ते मान्य नाही. हा काथ्याकूट वाटेल, पण एका रोपातून दोन पिके निघत असतील तर वाटा कशाकशातून द्यायचा, हा प्रश्न घेणाऱ्याच्या बाजूने पाहिला तर क्षुल्लक राहत नाही.

यावर आक्षेप असा की माणसाचे लक्ष मोजकेच असते. ते काड्यांवर खर्च झाले तर दयेला काय उरणार? आक्षेप वजनदार आहे, पण माझ्या मते दोष काडीच्या लहानपणात नाही. दहा जुड्यांतली एक बाजूला काढली की काम संपते आणि संपल्याचे समाधान मिळते. दयेचा असा हिशेब कधीच पुरा होत नाही, म्हणून मन तिला टाळून पुऱ्या होणाऱ्या कामाकडे वळते. मात्र मोजणेच बंद केले तर ते मन आपोआप दयेकडे वळेल, याला आधार काय? परक्याला आणि विधवेला दया मिळते तीही धान्याच्या मापाने, भाजीच्या जुडीने, कोणीतरी आपल्या वाफ्यातून आधीच वेगळी काढून ठेवलेल्या.