जात्याला हात लागू द्या

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की बावधन, भूगाव, पिरंगुट अशी एकेक गावं मागे पडतात आणि पिरंगुटपासून जरा आत लवळे लागतं. गाव मुळशी तालुक्यातलं, मुळेच्या खोऱ्यातलं. आज बाहेरच्या माणसाला ते माहीत असतं ते विद्यापीठांमुळे. डोंगरावर सिम्बायोसिसचं मोठं संकुल आहे, याच परिसरात फ्लेम विद्यापीठ आहे. देशभरातून आलेली हजारो मुलं इथे काही वर्षं राहतात आणि पदवी घेऊन निघून जातात. ज्या मातीवर ती राहिली तिच्याविषयी त्यांना काय कळलं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. स्थानिक संस्कृती, कला आणि निसर्ग यांच्याशी पाहुण्यांना जोडणारं वारसा संग्रहालय लवळ्यासारख्या ठिकाणी हवं, यात मला शंका नाही. पण ते कसं असावं, याविषयी माझं म्हणणं ठाम आहे.

शहराच्या सीमेवरच्या गावाकडे वेळ थोडा असतो. कोथरूडचंच पाहा. तेही कधीकाळी पुण्याबाहेरचं गाव होतं. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी तिथे बांधलेला महाल आज कोथरूडमध्ये नाही. त्याचे जे भाग वाचले ते दिनकर गंगाधर केळकरांनी जपून आणले आणि शुक्रवार पेठेतल्या आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. 1920च्या सुमारास त्यांनी वस्तू गोळा करायला सुरुवात केली. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी या संग्रहाला दिलं आणि 1962 साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, कोरीव दरवाजे, चित्रकथीची चित्रं असं सगळं तिथे आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकीच बाईच्या हातातली वज्री मोलाची आहे, हे केळकरांनी महाराष्ट्राला शिकवलं. त्यांचं ऋण मोठं आहे.

तरीही लवळ्यात केळकर संग्रहालयाची लहान प्रत उभी राहू नये असं मला वाटतं. केळकर वस्तू वाचवत होते, कारण ती वापरणारी घरंच मोडत होती. मुळशीत अजून माणसं आहेत. जात्यावर दळलेल्या आज्या आहेत, राब भाजलेले आजोबा आहेत. त्यांना वगळून त्यांची अवजारं काचेआड ठेवणं म्हणजे अर्धंच काम करणं.

जातंच घ्या. कपाटात ठेवलं की ते दगडाच्या दोन तळ्या आणि एक खुंटा एवढंच उरतं. खाली पाटी: ‘जाते, धान्य दळण्याचे साधन’. पण हा दगड सह्याद्रीचा काळा बसाल्ट, लाव्हाच्या थरांतून घडलेला. तो घडवणारा पाथरवट वेगळा, झिजल्यावर टाकी लावून त्याला पुन्हा धार देणारा वेगळा. वैरण किती घालायची, खुंटा कुठल्या लयीत फिरवायचा, दोघी समोरासमोर बसल्या तर कोणी ओढायचं आणि कोणी सोडायचं, हे बायकांच्या हातांना ठाऊक. पहाटेच्या अंधारात याच लयीवर त्यांनी ओव्या रचल्या. निसर्ग, संस्कृती आणि कला यांची वेगवेगळी दालनं करण्याचा मोह संग्रहालयांना होतो. जात्याचे असे तीन तुकडे कसे करणार?

या ओव्यांचं मुळशीशी खास नातं आहे. गी प्वातव्हँ हे फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात, मुळशीतही, गरीब कष्टकरी बायकांबरोबर काम करता करता या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुढे हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, अनेकींचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. 2017पासून ‘पारी’ या संस्थेने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. माहेर, भाऊ, सासरचा जाच, विठ्ठल, सीतेचा वनवास, बाबासाहेब आंबेडकर असा केवढा तरी संसार त्यांत आहे. गावात पिठाची गिरणी आली तशी बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. ते उतरायलाच हवं होतं, त्या कष्टांचे गोडवे गाणं मला मान्य नाही. पण ज्या कामाच्या लयीवर ओवी उभी होती ते काम गेलं, आणि ओवीचा रोजचा वापरही गेला. संग्रहालयात जातं ठेवायचं तर ते जमिनीवर ठेवा, शेजारी मूठभर नाचणी ठेवा आणि पाहुण्याला दळू द्या. पाच मिनिटांत दंड भरून येतो. मग तीच ओवी कानांवर पडली तर तिच्यातला शब्दन् शब्द वेगळा ऐकू येतो.

शेताचंही असंच. मावळ-मुळशीचा आंबेमोहोर एकेकाळी शिजताना वाडाभर घमघमायचा. पण पीक उंच, वाऱ्यापावसात लोळणारं, उतारा कमी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून इंद्रायणी काढला, तो 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आला आणि बहुतेक खाचरं त्याने व्यापली. शेतकऱ्याने योग्यच निवड केली. संग्रहालयाने मात्र दोन्ही भात शेजारीशेजारी लावावेत. आषाढात चिखलणी आणि लावणीला माणसांना बोलवावं. तसंच देवरायांचं. 1970च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवराया गावोगाव फिरून नोंदल्या. सरकारी कुंपण नसताना, देवाचा धाक आणि गावाचा शब्द यांवर ही झाडं टिकली होती. झाडांच्या नावांच्या पाट्या लावणं सोपं आहे. इथे कुऱ्हाड का चालत नाही, हे त्या गावच्या माणसाकडून ऐकणं अधिक मोलाचं.

आता मुद्दा धरणाचा, कारण तो टाळला जाईल अशी मला भीती वाटते. वारसा म्हटला की सण, पदार्थ, फुगड्या आणि वारली रंगवलेल्या भिंती एवढंच दाखवण्याची सवय लागली आहे. (वारली कला ठाणे-पालघरच्या आदिवासींची. ती मुळशीच्या भिंतीवर स्थानिक म्हणून रंगवणं दोन्हीकडच्या लोकांवर अन्याय आहे.) मुळशीच्या वारशात एक लढा आहे. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून, पाणी सह्याद्रीपलीकडे कोकणात भिऱ्याला उतरवून मुंबईसाठी वीज करण्याची टाटांची योजना होती. 1894च्या भूसंपादन कायद्याने शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. जमिनीचे कागद अनेक ठिकाणी पुण्यातल्या सावकारांकडे होते, घाम कुळांचा होता. भरपाईचा प्रश्न आला तेव्हा दोघांचं हित एक राहिलं नाही. लढा हरला. 1927च्या सुमारास धरण पुरं झालं, गावं पाण्याखाली गेली. त्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागले आणि मुळशीच्या डोंगरातल्या बायका पुढची कित्येक दशकं हातांनीच दळत राहिल्या. शहराला काय लागतं आणि त्यासाठी डोंगराकडून काय मागितलं जातं, हा प्रश्न लवळ्याच्या आजच्या जमीनव्यवहारांतही जिवंत आहे. विद्यापीठातल्या मुलांना तो इथेच भेटायला हवा.

अशीच प्रामाणिकता बलुतेदारीविषयी हवी. कोल्हापूरजवळ कणेरी मठातल्या सिद्धगिरी संग्रहालयात गावगाड्याचं जीवन पुतळ्यांतून उभं केलं आहे. लोहार, सुतार, कुंभार आपापल्या कामात दिसतात. शाळेतल्या मुलांना ते पाहताना आनंद होतो आणि व्हावाच. पण कारागिरीच्या बरोबरीने, कोणत्या पाणवठ्यावर कोणाला मज्जाव होता, कोणाची वस्ती गावाबाहेर होती, हेही सांगावं लागतं. ज्यांच्या पणजोबांनी बलुतं घेतलं त्यांच्या घरातली मुलंही संग्रहालय पाहायला येणार आहेत.

स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलिउसने 1891 साली स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं, तेव्हा देशभरातली जुनी घरं उचलून स्टॉकहोममध्ये आणून मांडली. 1970च्या दशकात फ्रान्समध्ये जॉर्ज-आंरी रिव्हिएर आणि उग द व्हारिन यांनी उलटी दिशा धरली: वस्तू हलवायच्या नाहीत, पूर्ण परिसरच संग्रहालय मानायचा आणि तिथल्या रहिवाशांनी तो सांभाळायचा. मुळशीला हीच वाट जुळते. एक छोटी इमारत पुरे. बाकी खाचर, ओढा, देवराई आणि आज्यांची ओसरी.

म्हणून माझ्या दृष्टीने या संग्रहालयाचे पहिले पाहुणे लवळे, नांदे, पिरंगुट इथल्या जिल्हा परिषद शाळांतली मुलं असावीत, आणि त्यांच्याकडून तिकिटाचा पैसा घेऊ नये. त्यांना आपल्या आजीच्या हातातली वस्तू नावानिशी ओळखता यावी, तिचं कसब टाकाऊ नव्हतं हे कळावं. ओवी ऐकवायची तर गाणाऱ्या बाईला विचारून ऐकवावी, तिचं आणि तिच्या गावाचं नाव सांगावं, तिला मानधन द्यावं. वस्तूंच्या नोंदी पुण्यातल्या कार्यालयात न लिहिता ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, आणि कोणी उठून ‘हे असं नव्हतं’ म्हणालं तर त्याचं म्हणणंही त्याच पाटीवर लिहावं.

त्यानंतर शनिवारी-रविवारी गाड्या घेऊन येणाऱ्या पुणेकर-मुंबईकरांसाठी दार उघडावं. त्यांना दाखवण्यासारखं मुळशीत पुष्कळ आहे, आणि ते दाखवणारी माणसंही इथलीच असतील.